लहान व्हॉल्व्ह असलेली टाकी

३ फेब्रुवारी, सोमवार

धुलाईच्या कारखान्यात एक बाई भाजली. शनिवारी सकाळी. आम्हाला आज कळलं. मॅडम फोनवर नुसतं "हो, हो" करत होत्या आणि समोरच्या कागदावर चौकोनात चौकोन काढत होत्या. फोन ठेवून म्हणाल्या, त्या यंत्राचं सूचनापत्रक आपणच मराठीत केलं होतं ना? फाइल काढून ठेव.

आपण म्हणजे मी. ऑफिसात आम्ही दोघीच. मॅडम कामं आणतात, मी इंग्रजीतून मराठीत करते.

फाइल काढली. उघडली नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

उघडली.

यंत्र हॉस्पिटलच्या चादरी उकळून धुण्याचं. दोन टाक्या. मोठी टाकी झाकणाची, तिच्यात चादरी. शेजारी बारकी, तिच्यात साबणाचं गरम पाणी. दोन्हींत वाफ कोंडलेली असते. मोठीचं झाकण उघडायच्या आधी तिच्यातली वाफ सोडावी लागते. मोठीला दोन व्हॉल्व्ह – एक मोठा, पाणी सोडायला. एक लहान, वाफ सोडायला. बारकीला एकच, तो लहान.

हे सगळं मला आज कळलं! कारखान्याच्या मॅनेजरने फोटो पाठवलाय, त्यावरून. भाषांतर केलं तेव्हा पुढ्यात ना चित्र होतं, ना फोटो. एक्केचाळीस पानं होती आणि तीन दिवस.

पान सतरा, नववी ओळ. इंग्रजी वाक्य असं – रिलीज द प्रेशर इन द टँक विथ द स्मॉल व्हॉल्व्ह.

मी केलंय – लहान व्हॉल्व्ह असलेल्या टाकीतला दाब सोडा.

करायला हवं होतं – टाकीतला दाब लहान व्हॉल्व्हने सोडा.

त्या बाईने बारकीतली वाफ सोडली. बारकीच्या दाबाचा काटा शून्यावर आलेला पाहिला. मग मोठीचं झाकण उघडलं. उजवा हात, मान, गालाची खालची बाजू.

पुन्हा पुन्हा वाचतेय. आधीच्या ओळीत 'टँक विथ द ग्लास' आहे, तिथे 'काच असलेली टाकी' केलंय, आणि ते बरोबरच आहे. त्याच ओघात पुढची ओळ केली असणार. मला आठवायचं आहे की मी तिथे थबकले होते, शंका आली होती, वेळ नव्हता म्हणून सोडून दिली. तसं काही आठवत नाही. मी थबकलेच नव्हते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बाबांनी चेहऱ्यावरून ओळखलं. एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलंय त्यांनी – मुलांचे चेहरे वाचण्यात हयात गेली. चहा पिताना म्हणाले, कुठलं वाक्य अडलंय?

वर्तमानपत्राच्या समासात लिहून दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मग पेन्सिल घेऊन 'विथ'पासून दोन कमानी काढल्या. एक जवळच्या 'टँक'वर उतरली, दुसरी सगळं ओलांडून पार 'रिलीज'वर. वर्गात फळ्यावर काढायचे तशाच.

म्हणाले, दोन्ही बरोबर. आय थँक्ड द नर्स विथ फ्लॉवर्स. फुलं नर्सच्या हातात आहेत की मी फुलं देऊन आभार मानले? व्याकरण सांगणार नाही. 'विथ'ने सुरू होणारा शब्दगट नामाच्या मागे येऊन उभा राहतो, त्या नामाला चिकटतो नाहीतर त्याला ओलांडून क्रियापदाला. इंग्रजीत तो असा उंबऱ्यावर उभा राहिला तरी चालतं. आपल्याकडे नाही चालत. 'असलेल्या' म्हणून आत घ्या, नाहीतर 'ने' लावून बाहेर काढा.

मी म्हटलं, म्हणजे माझं चुकलं नाही?

मला वाटलं ते लगेच नाही म्हणतील. बाप आहेत.

"वाक्यात उत्तर नव्हतंच," ते म्हणाले. "उत्तर त्या खोलीत होतं, जिथे टाक्या आहेत. तू कोणाला विचारलंस का?"

चहा तसाच राहिला दोघांचा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅडमनी पत्र तयार केलंय. "सदर वाक्याचे दोन्ही अर्थ व्याकरणदृष्ट्या संभवतात, सबब भाषांतर मूळ मजकुरास धरून आहे." खाली माझ्या सहीची जागा.

अक्षर न् अक्षर खरं आहे. तेच खुपतंय.

मॅनेजरला एवढंच हवंय की पत्रक ठीक होतं. पत्रक ठीक, म्हणजे बाई चुकली. बाई चुकली म्हणजे तिला काढता येतं, आणि हॉस्पिटलचं तिचं ती बघेल. त्याने इंग्रजी पान वाचलंय आणि त्याला ते लख्ख कळलंय. साहजिक आहे, त्याच्या डोळ्यांसमोर यंत्र आहे. मराठी पान त्याने अजून उघडूनही पाहिलेलं नाही.

मी म्हटलं, सोमवारी सही करते. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या की हे ऑफिस त्यांनी एका टेबलावर सुरू केलं तेव्हा खुर्चीसुद्धा उसनी होती, आणि आता एका 'विथ'पायी ते बंद पडावं असं मला वाटतं का.

नाही वाटत. मला नोकरी देणारं दुसरं कोणी नव्हतं तेव्हा याच बाईने दिली.

८ फेब्रुवारी, शनिवार

बाबा काही विचारत नाहीत. रेडिओ नेहमीपेक्षा मोठा लावतात.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी दात घासताना लक्षात आलं आणि ब्रश हातातच राहिला. ते पत्रक अजून भिंतींवर आहे! असली यंत्रं कारखान्याच्या मालकाने पाच ठिकाणी बसवली आहेत. माझं पान सतरा पाच भिंतींवर टांगलेलं आहे. आठवडाभर मी स्वतःचा निवाडा करत बसलेय आणि तिकडे रोज कोणीतरी झाकण उघडतंय.

मॅडमना म्हटलं, बाकीच्या चौघांना आताच्या आता फोन करू. त्या म्हणाल्या, फोन केला की चूक कबूल केल्यासारखं होतं. वकिलांना विचारू, बुधवारपर्यंत थांब. मी म्हटलं, बुधवारपर्यंत झाकणं थांबतील का? त्यांनी कपाळाला हात लावला. सहीचा कागद मात्र टेबलावर तसाच, वर पेन.

जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभी राहून फोन केले. पहिला नंबर दोनदा चुकला.

पहिल्या ठिकाणी म्हणाले, कसलं पत्रक? आमच्याकडे आलंच नाही. दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, थांबा – आणि फोन बाजूला ठेवून कोणालातरी जोरात हाक मारली, "दोन नंबर बंद कर आधी!" परत येऊन म्हणाल्या की ते पत्रकाप्रमाणेच करतात, पण त्यांच्याकडची मोठी टाकी गळकी आहे, वाफ आपोआप जाते. आजवर त्या गळतीने वाचवलं. दोन महिने दुरुस्तीची मागणी करत होत्या!

तिसरीकडे एकाने नाव विचारलं. माझं. मी सांगितलं. त्याने लिहून घेतलं, वाक्यही दोनदा म्हणून घेतलं, आणि कागद काढतो म्हणाला.

चौथ्या ठिकाणी कोणी उचलत नाही. आठ वेळा केला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसला कळवलं, आज येत नाही. पहिली बस पकडून चौथ्या कारखान्यात गेले. दीड तास. वाटेत एकच विचार, आपण उशीर केला असला तर दारातच कळेल.

दारात काहीच नव्हतं. चादरींचे गठ्ठे आणि ओल्या सुताचा वास. आत यंत्र चालू. पहिल्यांदा पाहिलं मी ते. फोटोत कळत नाही किती मोठं आहे. झाकण माझ्या छातीएवढ्या उंचीवर, म्हणजे वाफ थेट तोंडावर येणार. आणि तो लहान व्हॉल्व्ह – पितळेचा, बोटभर, हात लागून लागून चकचकीत झालेला. एका नजरेत कळतं की वाफ सोडायची ती यानेच. यंत्रापुढे एक मिनिट उभी राहिले असते तरी ते वाक्य माझ्या हातून चुकलं नसतं.

तिथल्या यंत्रावरची बाई माझ्याहून लहान असेल. मी घाईघाईने काय ते सांगितलं. तिने हात पुसले, मला भिंतीपाशी नेलं. माझं पत्रक, प्लास्टिकमध्ये घातलेलं. पान सतरा. नवव्या ओळीत 'असलेल्या' खोडलेलं. पेन्सिलीने वर लिहिलेलं – 'टाकीतला दाब लहान व्हॉल्व्हने सोडा'. जसंच्या तसं. मला जे वाक्य नंतर सुचलं तेच.

मी विचारलं, हे कोणी केलं? म्हणाली, मीच. वाचलं तेव्हाच कळलं की उलटं झालंय.

"मग कळवलं का नाही?"

"कोणाला?" ती म्हणाली. "खाली कोणाचं नावच नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने मला पाणी दिलं, बसायला उलटी बादली दिली. फोनचं विचारलं तर म्हणाली, तो मॅनेजरच्या खोलीत असतो, खोलीला कुलूप असतं.

परतीच्या बसमध्ये रडले. सुटल्यासारखं वाटून रडले की लाजेने, कोण जाणे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मॅडमना सही करणार नाही म्हणून सांगितलं. त्यांनी पत्राचे दोन तुकडे केले, आणि मग ते दोन्ही जपून ड्रॉवरमध्ये ठेवले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

चौकशी. लांबट खोली, मध्ये टेबल, पंख्याचा आवाज. सरकारी निरीक्षक – बारीक आवाजाचे, सारखी खोकल्याची गोळी चघळणारे. एका बाजूला मॅनेजर आणि धुलाईचा मुकादम, दुसऱ्या बाजूला मॅडम आणि मी. भाजलेली बाई अजून हॉस्पिटलात. कारखान्यातल्या सगळ्या तिला मोठीताई म्हणतात, निरीक्षकही कागद वाचताना चुकून तेच म्हणाले. तिचा जबाब हॉस्पिटलात घेतलेला, मुकादम कॉटपाशी हजर असताना. जबाब एका ओळीचा. "सांगितलं होतं तसंच केलं." एवढाच. खाली अंगठा – सही करण्याचा हात बँडेजमध्ये होता, असं मुकादमाने समजावून सांगितलं.

मॅनेजर म्हणाला, भिंतीवर स्पष्ट सूचना असताना बाईंनी भलत्याच टाकीची वाफ सोडली. त्याने इंग्रजी पान वाचून दाखवलं. निरीक्षकांनी मान डोलावली. मॅडम टेबलाकडे बघत होत्या.

मी उभी राहिले. उभं राहायचं नव्हतं, बसूनच बोलायची पद्धत होती, पण झाले. म्हटलं, भिंतीवर हे नाही. भिंतीवर मराठी आहे, आणि ते मी लिहिलंय.

मराठी ओळ वाचली. मॅनेजरने माझ्या हातून कागद ओढून घेतला आणि ओठ हलवत वाचला. पहिल्यांदाच.

निरीक्षकांनी विचारलं, इंग्रजी वाक्याचा असा अर्थ होऊ शकतो का?

आता कसोटी. होतो म्हटलं की मॅडमचं पत्र मी तोंडी वाचल्यासारखं झालं. होत नाही म्हटलं तर खोटं.

"होतो," मी म्हटलं. "वाक्याचा होतो. यंत्राचा होत नाही. मी यंत्र पाहिलं नव्हतं आणि पाहायला मागितलंही नाही. ती चूक माझी आहे. त्या बाईंनी पत्रकात आहे तेच केलं."

निरीक्षकांनी लिहून घेतलं. मुकादमाने मोठा श्वास सोडला. मला वाटलं, मोठीताई सुटणार म्हणून.

बाहेर मॅडम माझ्याशी बोलल्या नाहीत. जिना उतरताना मात्र माझी ओढणी कठड्याला अडकली, ती त्यांनी मागून सोडवली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसात गेले तर माझे शब्दकोश एका पिशवीत भरून ठेवलेले. जाड दोन तळाशी, पातळ वर. पिशवी फाटू नये म्हणून बाहेरून आणखी एक पिशवी. मॅडम बँकेत गेल्यात, असं शेजारच्या ऑफिसातल्याने सांगितलं. इतक्या सकाळी बँक उघडत नाही.

टेबल पुसून आले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बाबांनी शब्दकोश स्वतःच्या कपाटात लावले. स्वतःची व्याकरणाची पुस्तकं खाली जमिनीवर काढून जागा केली. म्हणाले, एकतीस वर्षांत कितीतरी पोरांची वाक्यं लाल केली, त्यातली निम्मी दोन्ही बाजूंनी बरोबर असतील. जेवताना अर्धी पोळी जास्त वाढली मला. त्यांची शाबासकी अशीच असते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

निकाल लागला. लावलेली सगळी पत्रकं काढायची. अपघाताचं कारण – सदोष भाषांतर. मोठीताईचा दोष नाही, तिची नोकरी राहणार, उपचार कारखान्याने करायचे. मॅनेजर आणि मुकादम यांच्यावर ठपका नाही. नवं पत्रक दुसऱ्या कोणाकडून होईल आणि ते यंत्रासमोर बसून करायचं, अशी खास सूचना. ती ओळ वाचून बरं वाटलं.

सदोष भाषांतर. दोन शब्द. वाचले, घडी घातली, ठेवून दिले. झोप लागेल आज.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

एका मुलाखतीला गेले होते. त्यांनी आधीची नोकरी का सोडली विचारलं. सांगितलं. कळवतो म्हणाले.

मोठीताई घरी आलीय म्हणे. भेटायला जायला हवं. आज नको. काय म्हणणार जाऊन – मीच ती? बाबा म्हणतात, असंच म्हण.

१ मार्च, शनिवार

निरोप आला. तिच्याबरोबर काम करणारी एक बाई दारात येऊन सांगून गेली. मोठीताईने बोलावलंय, सोमवारी दुपारी, घरात कोणी नसताना. का, ते तिला माहीत नाही. चहा घे म्हटलं तर थांबली नाही.

शिव्या द्यायला बोलावलं असेल तर बरंच. त्या खायला मी तयार आहे.

३ मार्च, सोमवार

तिच्या जिन्यावर बसून लिहितेय. ती आत कपडे बदलतेय. एका हाताने वेळ लागतो, मदत नको म्हणाली.

मी माफी मागितली. तिने पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाली, "अहो, पण मला वाचता कुठे येतं?" वाफेचं मुकादमाने सांगितलं होतं. लहान व्हॉल्व्हने मोठीतली वाफ जायला वीस मिनिटं लागतात, म्हणून बारकीची सोडायची, तेवढ्यात मोठीची थोडी बसते, आणि झाकण उघडायचं. पत्रक लागायच्या कितीतरी आधीपासून. आजपासून नवं पत्रक लागतंय, आणि ते सगळ्यांना समजावून द्यायचं काम मुकादमाला दिलंय.

मी म्हटलं, मी जाऊन निरीक्षकांना सांगते. नोकरी, घर, सगळं तिच्या तोंडावर दिसत होतं.

"तुम्ही नका सांगू," म्हणाली. "मला घेऊन चला."